आग न धरणारी गादी

आमचा जयसिंग काय मोठा माणूस न्हाय. त्याच्या नावाचा बोर्ड कुठल्या चौकात न्हाय, आणि असायचं कारणबी न्हाय. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात ‘दीक्षा कुशन’ म्हणून एक दुकान हाय. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं ऱ्हायचं, एवढंसं. ते त्याचं. मी आक्काताई, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर कोडोलीहून हितं आले आणि शिलाई मशीनवर बसले, ती अजून उठले न्हाय. त्यो फोम कापतो, मी कव्हर शिवते. गुडघं गेलं, डोळं चाललं, पण कव्हराच्या कडेची दोरीची गोट, पायपीन म्हणत्यात ती, अजून सरळ पडती माझी.

कोडोलीत आमचा बा दुसऱ्याच्या रानात राबला. जयसिंगला शाळेची लई गोडी. पण बा अंथरुणाला खिळला आणि ह्यानं पाटी ठेवून कोल्हापूर गाठलं, एका कुशनवाल्याच्या हाताखाली लागला. ट्रकाच्या सीटा, टॅक्सीच्या सीटा, पुढं बसच्या. फोम कापला की त्याचा भुगा उडतोय. नाकात, भुवयांवर, जेवणाच्या डब्यात. मी किती वेळा ओरडले असंन, “मेल्या, तोंडाला फडकं बांध की!” तर म्हणतोय, “फडकं बांधलं की दम लागतोय, आक्का.” अजून बांधत न्हाय. त्याचा खोकला बोळाच्या तोंडाशी ऐकू येतो, तवा मी चहा टाकते.

त्याच्या दोन सवयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आलं.

एक म्हंजे काडी. बसच्या सीटांना आग न धरणारा फोम लागतो, आणि गिऱ्हाइकाला खरं वाटत न्हाय. मग जयसिंग फोमची पट्टी कापणार, चिमट्यात धरणार, काडी ओढून खाली लावणार. फोम काळा पडतो, आकसतो, पण पेट घेत न्हाय. “बघा पावणं!” असं म्हणून ती पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणार. तेवढं करताना त्याचं तोंड बघावं. एरवी सगळ्यांपुढं मान खाली घालणारा माणूस, पण काडी ओढली की राजा.

दुसरी सवय पाळण्यातल्या गादीची. बोळात कुणाकडं बारसं असलं की जयसिंगची गादी जाणारच. कोण कुठल्या जातीचा, कोण ओळखीचा, काय बघायचं न्हाय. आत चांगला फोम, वर मऊ सुती कापड, कडेला माझी पायपीन. आणि फोम तोच, आग न धरणारा. का, तर आम्ही ल्हान असताना कोडोलीत शेजारच्या घरी रॉकेलच्या चिमणीनं झोळी पेटली हुती. पोर वाचलं, पण एक हात कामातनं गेला. जयसिंगनं ते डोळ्यांनी बघितलेलं. त्याच्या मनातनं ते कधी गेलंच न्हाय. पहिली गादी शिवली ती आपल्या दीक्षाची. तिच्यावर हात फिरवून म्हणाला हुता, “आता काय बी पेटू दे, माझी पोरगी सुखानं झोपंल.”

ही दीक्षा शिकली. लई शिकली. बीएस्सी झाली, एमएस्सी झाली, आणि मग हितल्याच कॉलेजात पीएचडीला बसली. निशा, माझी भावजय, दवाखान्यात आयाचं काम करती. ती तितल्या डॉक्टरणींना सांगायची, “आमची बी डॉक्टर होणार, पण माशांची.” सगळ्या हसायच्या.

मी एकदा इचारलं, “दीक्षा, तू म्हणं समुद्रातलं मासं पाळतीस. कोल्हापुरात समुद्र आणला कुटनं गं?”

“टाकीत मीठ कालवतो आत्ती. समुद्राच्या पाण्यात असतं, तेवढंच.”

“आणि मासं केवढं?”

तिनं करंगळीचं नख दाखवलं.

“एवढ्याशा माशासाठी एवढी शाळा?” मी म्हटलं. “रश्श्यात घातलं तर शोधत बसावं लागंल.”

हसली पोरगी. तवा हसायची अजून.

मग तिनं मला समजंल असं सांगितलं. पडद्याला, टीव्हीच्या डब्याला, वायरीला, कशाकशाला आग लागू नये म्हणून एक रसायन घालत्यात. ते त्यात कायमचं बसत न्हाय. हळूहळू निघतं, धुळीत जातं, पाण्यात जातं, नाल्यातनं नदीत आणि शेवटी समुद्रात. तितं माशाचं अंडं असतंय. त्याचं कवच एवढं पातळ की आतलं पिल्लू काचेतनं दिसल्यागत दिसतंय. त्या पिल्लावर ह्या रसायनाचा काय परिणाम हुतो, ते दीक्षा बघायची. एका बशीत रसायनाचा थेंब घातलेलं पाणी, दुसऱ्या बशीत साधं मिठाचं पाणी. रसायनातली पिल्लं वाकडी व्हायची, काळजाभवती पाणी धरायची, काहींचं काळीज हळू पडायचं, काही कवच फोडून बाहेरच यायची न्हाईत. आणि साध्या पाण्यातली नीट ऱ्हायला पाहिजेत. ती नीट असली तरच म्हणता येतं की दुसऱ्यांचं वाटोळं रसायनानं केलं. साध्या पाण्यातलीच बिघडली तर सगळी मेहनत मातीत.

आमच्या जयसिंगला ती ह्या रसायनाची नावं इंग्लिशमधनं सांगायची. लांबच्या लांब नावं. त्यानं मान हलवायची, “बरं, बरं.” त्याच्या डोक्यात काय बसलं हुतं सांगू? बसमधी लाल नळकांडं टांगलेलं असतंय न्हवं, आग विझवायचं? त्याच्यातलं औषध. “ती पूड नदीत सोडत्यात वाटतं कोण तरी,” असं त्यो मला सांगायचा. मी बी म्हणायची, असंल. आम्हाला कोण सांगणार?

कॉलेजात लाइट जायची सारखी. लाइट गेली की अंडी ठेवायचं कपाट थंड पडायचं, आणि अंडी थंड-गरम सोसत न्हाईत. दीक्षा एकदा जेवताना म्हणाली, “पप्पा, त्या कपाटात बशा ठेवायला फोमची पेटी करून द्याल काय? आतलं गार पडू नये एवढंच. साधा फोम चालतो.”

झालं! पोरीनं काय तरी मागितलं. जयसिंगनं दोन गिऱ्हाइकांना थांबवलं आणि पेटी करायला घेतली. पांढरं रेग्झीन, आत फोम, वर झाकण, हवेला भोकं. कव्हर मी शिवलं. साधा फोम मांडीवर घेऊन बसला आणि परत ठेवला. “साधा पेटतोय, आक्का. तितं वायरी असत्यात, बल्ब असत्यात. पोरीच्या कामाला हलका माल घालू व्हय?” आणि बसच्या कामातला चांगला फोम काढला. दीक्षाला बोलला न्हाय, न्हायतर “उगं कशाला पप्पा” म्हणून वाद घालंल. रिक्षात घालून पेटी स्वतः नेऊन बसवली. भैरवी मॅडम म्हणून तिच्या गाइड हैत, त्यांनी पेटीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “काय सुंदर काम आहे हो तुमचं.” ती गोष्ट त्यानं मला सांगितली, निशाला सांगितली, चहावाल्यालाबी सांगितली.

आणि तितनं पुढं साध्या पाण्यातली अंडी मरायला लागली.

एक खेप गेली, दुसरी गेली. काही वाकडी निघायची, काही कवचातच ऱ्हायची. दीक्षानं पाणी बदललं, मीठ बदललं, बशा बदलल्या. हाताला साबण लावायचं सोडलं, डोक्याला तेल लावायचं सोडलं. सकाळी जायची आणि दिवे लागायला यायची ती तोंडात मारल्यागत. ताटावर बसली की तशीच बसून ऱ्हायची. काय इचारावं तर, “आत्ती, बोलायला सुद्धा अंगात न्हाय गं.” सव्विशीची पोरगी, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायची, माझ्यागत. मला वाटायचं, जाऊ दे मरू दे ती पीएचडी, पोरगी राहू दे.

जयसिंग तिला धीर द्यायचा. “पेटी हाय न्हवं? गार तर पडत न्हाईत?”

“न्हाय पप्पा. पेटी लई चांगली हाय.”

ते ऐकून त्याला बरं वाटायचं. बघा आता.

मग भैरवी मॅडमनी सांगितलं, ही शेवटची खेप. मुदत दिवाळीपर्यंत, ती वाढवून मिळणार न्हाय. ह्या खेपंत साध्या पाण्यातली पिल्लं नीट निघाली न्हाईत तर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. मॅडम वाईट न्हाईत, त्यांनी बी किती सांभाळायचं. पण “काम हलगर्जी झालंय का ते बघ” असं त्या म्हणाल्या, आणि ते पोरीच्या लई जिव्हारी लागलं. चार वर्षं तिनं सण बघितला न्हाय, लग्नाकार्याला गेली न्हाय. हलगर्जी म्हणं!

त्या रविवारी ती दुकानात येऊन बसली. घरी करमंना म्हणून. माझ्या मशीनपाशी स्टुलावर, पुढ्यात भडंगाची पुडी. तेवढ्यात एक ट्रॅव्हल्सवाला आला. नवी बस घेतलेली, सीटा करायच्या. त्याला फोमची खात्री पटंना. जयसिंगनं पट्टी कापली, चिमट्यात धरली, काडी ओढली.

“बघा पावणं. धरतोय काय आग? न्हाय धरत. आमच्या पोरीच्या प्रयोगाच्या पेटीला ह्योच माल घातलाय. आपल्या पोरीला वाईट घालीन व्हय मी?”

दीक्षाचा हात पुडीतच ऱ्हायला. मी तिच्याकडं बघितलं आणि मशीन थांबवलं. काय झालं ते कळलं न्हाय, पण काय तरी लई वाईट झालं एवढं कळलं. ती उठली आणि मागं मोरीत गेली. मी मागनं गेले तर नळ सोडून हात धुवत उभी.

“आत्ती, मी साधा फोम सांगितलाता.”

“साधा घालील व्हय त्यो तुझ्यासाठी?”

“त्याच रसायनावर काम करतीया मी. आग न धरायचं. ते त्या फोममधी असतं. पेटी गरम झाली की सुटत असणार, भुगा बशीत पडत असणार. साध्या पाण्याच्या बशीत बी.” तिनं नळ बंद केला. “मी सगळं जग तपासलं गं. मीठ तपासलं, माझं केस तपासलं.”

“अगं पण जन्मल्यापास्नं तू ती काडी बघतीस की! तुला कसं सुचलं न्हाय?”

“घरचं हुतं, आत्ती. घरच्यावर कोण संशय घेतंय?”

मला तिचा राग आला, त्याचा राग आला, त्या काडीचा आला. कुणाला बोलणार? बाहेर त्यो त्या पावण्याशी हसून बोलत हुता.

“पप्पांना सांगू नको,” ती म्हणाली. मी बी म्हटलं, न्हाय सांगत.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी काढली, कपाट घासून पुसून घेतलं, बशा नव्या आणल्या. पण लाइट जायचीच. गारठ्याचं काय करायचं? मग माझी जुनी वाकळ नेली. सुती लुगड्यांची, धुऊन धुऊन विरलेली. ती कपाटाभवती गुंडाळली. मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, पण त्या ओरडल्या न्हाईत म्हणं. “माझ्याही लक्षात यायला हवं होतं,” एवढंच म्हणाल्या.

मग वाट बघायची. दीक्षा घरात असून नसल्यागत. जयसिंगला वाटायचं, पोरगी परीक्षेच्या भीतीनं अशी झालीय. त्यानं तिला रोज सकाळी स्वतः चहा करून द्यायला सुरुवात केली. ती त्याच्याकडं न बघता प्यायची. मला ते बघवायचं न्हाय. एका घरात दोघं, आणि मधी मी तोंड शिवून बसलेली.

शेवटी एका दुपारी फोन आला. “आत्ती, फुटली! साध्या पाण्यातली सगळी नीट फुटली गं! सरळ हैत, पवायला लागलीत!” ती रडत हुती का हसत हुती, कळंना. जयसिंगनं फोन हिसकावून घेतला. “काय म्हणतीस? खरं? थांब, आलो!” आणि भर दुपारी शटर ओढलं. एवढ्या वर्षांत त्यानं गिऱ्हाइकाच्या वेळेला शटर ओढलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला कळत हुतं काय होणार ते. पण अडवू कशी? वाटंत पेढं घेतलं आणि आम्ही कॉलेजात गेलो.

खोलीत पाय टाकला आणि त्यानं कपाटाकडं बघितलं. वाकळ. मग कोपऱ्यात बघितलं. बेसिनखाली त्याची पांढरी पेटी, झाकण काढून उलटी ठेवलेली.

“पेटी का काढली गं?”

दीक्षा माझ्याकडं बघायला लागली.

“आक्काकडं काय बघतीस? मला सांग की.”

सांगितलं तिनं. हळू, सोप्या शब्दांत, इंग्लिश नावं न घेता. त्यो पेढ्यांचा पुडा हातात धरून ऐकत हुता. मधी एकदाच बोलला, “ते लाल नळकांड्यातलं न्हवं मग?”

“न्हाय पप्पा. फोममधलं.”

“दाखव मला.”

तिनं त्याला दुर्बिणीपाशी बसवलं. लांबचं न्हाय, बारीक बघायची, ती. आधी नीट पिल्लू दाखवलं. “काळीज दिसतंय बघा,” म्हणाली. त्यो लई वेळ बघत बसला. मग रसायनातलं दाखवलं. पाठ मोडल्यागत वाकडं, पोटाशी फुगलेलं.

“आणि माझ्या पेटीतली?”

दीक्षानं ओठ चावला. “अशीच हुती.”

“म्हंजे एवढं दिवस तुझं रक्त मी आटवलं.”

“पप्पा, तसं न्हाय ओ. तुम्ही मायेनं…”

“मायेनंच.”

मला वाटलं त्यो रडंल. रडला न्हाय. दुर्बिणीवरनं तोंड काढलं आणि इचारलं, “माणसाच्या बाळाचं काय?”

दीक्षा दचकली. “माशाचं माणसाला सरळ लावता येत न्हाय. बाळं तोंडात घालत्यात, धूळ पोटात जाती, हे खरं हाय. पण त्यानं नक्की काय आणि किती हुतं, ते मला सांगता येत न्हाय. मी खोटं न्हाय सांगणार तुम्हाला.”

“माहीत न्हाय म्हंजे चांगलं बी म्हणता येत न्हाय.”

“न्हाय येत.”

त्यानं पुडा टेबलावर ठेवला. “बाळासोच्या नातीला परवाच गादी दिलीया,” म्हणाला, आणि उठून चालायलाच लागला. आम्ही दोघी त्याच्या मागनं.

बाळासोचं घर आमच्या दुकानासमोर. दार उघडं. पाळण्यात बाळ निजलेलं, आणि बाळासोची बायको अंबूबाई दोरी धरून बसलेली.

“वैनी,” जयसिंग उंबऱ्याबाहेरनंच म्हणाला, “ती गादी परत द्या.”

“काय?”

“पाळण्यातली गादी. परत पाहिजे.”

अंबूबाईचा चेहरा असा पडला! दिलेली वस्तू, ती बी बाळाच्या अंगाखालची, परत मागायला कोण येतंय? “जयसिंगदादा, आमचं काय चुकलं व्हय? बारशाला मान द्यायचा ऱ्हायला काय?”

बाळासो आतनं बनियनवर बाहेर आला. “अरं, द्यायची नव्हती तर दिलीस कशाला? लेकराच्या अंगाखालनं काढून नेणार व्हय आता? लाज वाटंना तुला?”

दारं उघडली, गॅलरीत बायका आल्या. पेठंत भांडण म्हटल्यावर काय सांगायचं. मला वाटलं, जयसिंग मान खाली घालून माघारी फिरंल. एरवी फिरला असता. पण त्यानं मान वर केली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं बोलला, “तुमचं काय चुकलं न्हाय. माझा माल वाईट हाय.”

तीस-पस्तीस वर्षं ज्यानं गिऱ्हाइकाला काडी ओढून दाखवली, त्यानं हे तोंडानं म्हटलं. मी बाळासोच्या पायरीवरच बसले.

“वाईट म्हंजे?” अंबूबाईनं इचारलं.

“आग न्हाय धरत. पण त्यासाठी आत जे घातलंय, ते बाळाला चांगलं न्हाय, असा संशय हाय. आमची दीक्षा त्याचाच अभ्यास करती. तोवर वाकळ घाला. मी दोन दिवसांत कापसाची करून देतो.”

अंबूबाईनं बाळ उचललं. गादी काढून दिली, पण डोळ्याला डोळा भिडवला न्हाय. तेवढ्यात वरच्या गॅलरीतनं एक सून ओरडली, “मामा, आमच्या पिंट्याची बी त्याच मालाची काय ओ?”

“व्हय,” जयसिंग म्हणाला. “सगळ्यांच्या त्याच मालाच्या. ज्याच्याकडं असंल त्यानं आणून द्या.”

आणून दिल्या की लोकांनी. कुणी हसून दिल्या, कुणी फेकून दिल्या, कुणी म्हणालं जयसिंगचं डोकं फिरलं. कळंब्याला लगीन करून दिलेल्या एका पोरीनं भावाच्या हातनं पाठवली. ज्यांच्या फाटून कचऱ्यात गेल्या, त्या गेल्या. दुकानात ढीग लागला. मी प्रत्येकीची पायपीन ओळखत हुते, माझ्याच हातची की. सगळ्यात खाली निशानं आणून ठेवलेली, पिवळी पडलेली, दीक्षाची.

पीएचडीचं काम मॅडमनी पुढं पाठवलं. भेटंल त्यो त्याला म्हणतो, “अभिनंदन, पोरगी डॉक्टर होणार.” त्यो मान हलवतो. बसच्या सीटा अजून भरतो, कारण पोट हाय. गिऱ्हाईक काडी मागतं तर त्याच्या हातात काडीपेटी देतो आणि म्हणतो, “तुम्हीच लावून बघा.” बघत न्हाय तिकडं.

परवा त्यानं माळ्यावर चढवलेला तो ढीग बांधायला खाली काढला. बांधला, सोडला, परत बांधला. जाळता येत न्हाईत, त्या जळतच न्हाईत. नाल्यावर टाकल्या तर नाल्यातनं पंचगंगेत, आणि पुढं कुटं जात्यात ते त्याला आता पाठ झालंय. दीक्षा माझ्यापाशी बसून कापसाच्या गादीचं कापड धरत हुती.

“दीक्षा,” त्यानं इचारलं, “तू एवढी शिकलीस. ह्या टाकू कुटं, सांग की.”

दीक्षानं हातातलं कापड खाली ठेवलं. मग त्यानं तिची गादी तेवढी ढिगातनं ओढून काढली, झटकली, परत त्यांच्यातच घातली, आणि खोकत खोकत सगळ्या परत माळ्यावर चढवल्या, आमच्याच डोक्यावर.